जुन्या निंजाला टायर शोधताना

नमस्कार मंडळी. आत येताना पार्किंगमध्ये नजर टाकली तर जुन्या बाइकच, तीन-चार करिझ्मा, एक सीबीझेड, पहिली आर वन फाइव्ह, आणि त्या कोपऱ्यात एक आरडी सुद्धा उभी दिसली, खरंच बरं वाटलं. मी टायर कंपनीत कामाला नाही आणि माझं टायरचं दुकानही नाही. माझ्याकडे २०१० ची कावासाकी निंजा २५० आर आहे, ती मी पहिल्यापासून चालवतोय, आणि तिला टायर शोधताना जे कळत गेलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

सुरुवात पडण्यापासूनच करावी लागेल. लॉकडाउनमध्ये गाडी सोसायटीत कव्हर घालून उभी राहिली, नंतर कामाच्या गडबडीत अजून दोन पावसाळे गेले, मग एकदाची काढली, बॅटरी नवी टाकली, ऑइल बदललं, ब्रेक बघून घेतले. टायरकडे बघितलं तर नक्षी पाऊण शिल्लक, काळेभोर, म्हटलं हे तर नवेच आहेत. आणि निघालो ताम्हिणीला. जूनचा पहिला पाऊस, डावीकडचं वळण, स्पीड चाळीसच्या वर नसेल, आणि मागचं चाक असं सरकलं की कळायच्या आत मी रस्त्यावर आणि गाडी पुढे घसरत गेलेली. गुडघा सोलला, हँडल वाकलं, समोरून कोणी येत नव्हतं म्हणून एवढ्यावर निभावलं. घरी येऊन टॉर्चच्या उजेडात टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, नीट बघितली तर लंबगोलात चार आकडे होते, १११३. म्हणजे २०१३ सालचा अकरावा आठवडा. नक्षी जिवंत होती पण रबर केव्हाच मेलं होतं.

जुन्या बाइकवाल्यांचं इथेच चुकतं, म्हणून यावर जरा जास्त बोलतो. आपली गाडी रोज ऑफिसला जात नाही, वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर फिरते, त्यामुळे टायर घासून संपतच नाही, तो वयाने संपतो. रबर मऊ राहावं म्हणून त्यात जी तेलं वगैरे घातलेली असतात ती हळूहळू निघून जातात, ऊन आणि हवेतला ओझोन वरचा थर कडक करतात, आणि मग टायर दिसायला टायरच असतो पण ओल्या डांबराला धरत नाही. नखाने दाबून बघा, ताज्या टायरमध्ये नख किंचित रुततं, म्हाताऱ्या टायरवर ते नुसतं घसरतं. साइडवॉल वाकवून बघा, उन्हाळ्यात शेताला पडतात तशा बारीक भेगा दिसल्या तर विषय संपला. कंपन्या साधारण असं सांगतात की पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांनी नक्षी कितीही असू दे, काढून टाका. आपल्याकडचं ऊन बघता मी स्वतः सहाव्या वर्षी बदलतो, ज्याला पटेल त्याने घ्यावं.

आता टायरवर लिहिलेलं वाचायला शिकू या. माझ्या निंजाला मागे आहे १३०/७०-१७, आणि त्याच आकड्यांना लागून लिहिलंय ६२एस. १३० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ७० म्हणजे रुंदीच्या सत्तर टक्के साइडवॉलची उंची, १७ म्हणजे रिम किती इंची. ६२ हा वजनाचा आकडा, म्हणजे तो टायर २६५ किलो पेलतो, आणि एस म्हणजे ताशी १८० पर्यंत चालेल. पी असेल तर १५०, एच असेल तर २१०. पुढच्या चाकाला ११०/७०-१७, ५४एस, म्हणजे २१२ किलो. हे सगळं मॅन्युअलमध्ये असतं, चेन कव्हरच्या आसपास स्टिकरही असतो, पण सेकंडहँड गाडी घेतली असेल तर अंगावर चढवलेल्या टायरवर अजिबात विश्वास ठेवू नका, आधीच्या मालकाने काय बसवलंय काय माहीत.

मग हा टायर मिळणार कुठे? निंजा २५० आर आपल्याकडे २००९ ला आली आणि २०१३ मध्ये तिच्या जागी ३०० आली, म्हणजे चारेक वर्षंच विकली गेली, तीही फार नाही. तिच्यावर आयआरसीचे टायर यायचे, ते मी एकदा शोधायला निघालो आणि दोन महिने हात हलवत फिरलो. दुकानात जाऊन "निंजा २५० चा टायर आहे का" विचारलं की दुकानदार मान हलवतो. तोच प्रश्न मी बदलला, विचारलं "पल्सर एनएस २०० चा मागचा आहे का", तर त्याने पाच काढून ठेवले. कारण एनएसला मागे १३०/७०-१७ च आहे! आणि पुढचा ११०/७०-१७ हा केटीएम ड्यूक, डॉमिनार, आणि नंतरची निंजा ३०० या सगळ्यांचा साइझ. म्हणजे माझ्या जपानी ब्रँडच्या जुन्या गाडीला टायर मिळतो तो बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून रोज बाहेर पडणाऱ्या गाड्यांमुळे. तेव्हा तुमच्या गाडीचं नाव विसरा, साइझ धरा, आणि आज रस्त्यावर भरपूर फिरणाऱ्या कोणत्या गाडीला तोच साइझ आहे ते शोधा, तुमच्या गाडीचं ते भावंड.

पण भावंडाचे कपडे घालताना एक बघायचं. साइझ तोच असला तरी त्याला लागून लिहिलेले वजनाचे आणि वेगाचे आकडे वेगळे असू शकतात. १३०/७०-१७ मध्ये ६१पी पण मिळतो, कारण दोनशे सीसीच्या गाडीला तेवढं पुरतं. निंजा हायवेला १५० च्या पुढे जाते, तुम्ही तेवढी पळवत नसाल तरी कंपनीने ६२एस सांगितलाय तर त्याच्या खाली उतरू नये, वर चालेल, एच असेल तर उत्तमच.

आता तो मोठा मोह. रुंद टायर. मागून गाडी भारदस्त दिसते, मलाही आवडते, कोणाला नाही आवडत. पण रिमची पण रुंदी असते, माझ्या मागच्या रिमवर ३.५० कोरलंय, म्हणजे साडेतीन इंच. त्यावर १४०/७० बसतो, कसाबसा, आणि १५० बसवणारे पण मी बघितलेत. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याचे दोन्ही काठ आत खेचले जातात, आणि वरून तो गोल राहायच्या ऐवजी मधून टोकदार होतो. स्पोर्ट बाइकचा सगळा जीव त्या गोलाईत असतो, गाडी वळणात झुकते तेव्हा टायर एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सलग लोळत जायला हवा. टोकदार झाला की सरळ जाताना जमिनीला कमी टेकतो आणि वळणात धपकन पडल्यासारखी झुकते, आणि काठाचं रबर तर कधी रस्त्याला लागतच नाही, म्हणजे ज्याचे जास्तीचे पैसे दिले ते रबर तसंच कोरं राहतं. शिवाय हिशोब करून बघा, १३०/७० ची उंची साधारण ६१४ मिलिमीटर, १४०/७० ची ६२८. एवढ्याने गाडी मागून सात मिलिमीटर उचलली जाते, पिकअप किंचित पडतो, आणि चेन कव्हरला घासतोय का ते बघत बसायला लागतं. पहिल्या आर वन फाइव्हवाल्यांना हे खास सांगतो, तिला मागे १००/८०-१७ आहे, दुसऱ्या व्हर्जनला १३०/७० आला म्हणून तो आपल्या रिमवर चढवायला जाऊ नका, त्या गाडीला रिमही रुंद दिली होती.

रेडियल की साधा, हे फार जण विचारतात. साइझमध्ये मधे आर असेल, ११०/७० आर १७, तर तो रेडियल, म्हणजे आतले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे; नुसती रेघ असेल तर साधा क्रॉसप्लाय, म्हणजे धागे एकमेकांवरून तिरके. रेडियलची साइडवॉल लवचिक असते, जोरात पळवताना टायर गरम कमी होतो. पण आपल्या जुन्या गाड्यांचं सस्पेन्शन साध्या टायरवर बसवलेलं असतं, म्हणून मी साधेच घेतो आणि चांगल्यापैकी घेतो. मिशेलिन, पिरेली यांचे स्पोर्टी साधे टायर येतात, आपले एमआरएफ, सीएट, अपोलो, टीव्हीएस युरोग्रिप पण आता याच साइझमध्ये चांगले बनवतात. रेडियल घ्यायचे तर दोन्ही चाकांना घ्या. पुढे रेडियल आणि मागे साधा असं कधीच नको. आणि शक्यतो पुढचा मागचा एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा.

विकत घेताना पैसे द्यायच्या आधी तारीख बघा. कमी खपाचा साइझ असेल तर टायर गोडाऊनमध्ये वर्षानुवर्षं पडून असतो. मला एका दुकानात तीन वर्षं जुना टायर नवा म्हणून पूर्ण किमतीत देत होते, मी आकडे दाखवले तेव्हा "सर टायर खराब होत नाही" असं उत्तर मिळालं. मी तो घेतला नाही, आठ दिवस थांबलो आणि दुसरीकडून दोन महिन्यांपूर्वीचा मिळवला. आयएसआयचा शिक्का पण बघा, आपल्याकडे तो सक्तीचा आहे.

बसवताना समोर उभे राहा. साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, मी स्वतः तो उलटा बसवलेला एकदा परत काढायला लावलाय. ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्ह नवा टाका, पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे. चाक उतरलंच आहे तर बेअरिंग हाताने फिरवून बघा, बॅलन्सिंग करून घ्या. हवा माझ्या गाडीला पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआय, ती सकाळी थंड टायरमध्ये मोजायची. आणि पहिले दीडशे किलोमीटर शांतपणे चालवा, नवा टायर वरून गुळगुळीत असतो, तो थर जाईपर्यंत ग्रिप पूर्ण येत नाही.

(इथे श्रोत्यांमधून करिझ्माबद्दल प्रश्न आला.)

करिझ्माचं चांगलं विचारलंत. २००३ ची जुनी करिझ्मा म्हणजे पुढे २.७५-१८ आणि मागे १००/९०-१८. मागचा तर युनिकॉर्नचाच साइझ, कुठेही मिळेल. पुढच्याला आज ८०/१००-१८ लिहिलेला असतो, तो त्याच मापाचा. अडचण एवढीच की अठरा इंचात बहुतेक टायर रोजच्या कम्यूटर गाड्यांसाठी असतात, जास्त किलोमीटर टिकावेत म्हणून रबर कडक असतं. स्प्लेंडरला ते बरोबर आहे, तुम्ही २२३ सीसी घेऊन आंबोली उतरणार असाल तर नाही. तेव्हा दुकानदाराला मऊ कंपाउंडचा, म्हणजे मऊ रबराचा मागा, थोडा लवकर झिजेल, झिजू दे.

आणि मागे कोणीतरी बाहेरून आलेल्या चारशे सीसीच्या होंडाचं विचारलं, व्हीएफआर, एनसी ३०. तिला मागे १५०/६० आणि रिम अठरा इंची, त्याचं भावंड इथे बनणाऱ्या गाड्यांमध्ये मला सापडलेलं नाही. त्यात जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात रिस्ट्रिक्टेड केली, परवान्याशिवाय येत नाही, त्यामुळे असे साइझ दुर्मिळ आणि महाग झाले. तिथे एकट्याने शोधू नका, तशा गाड्या असलेले चार-पाच जण एकत्र या आणि परवाना असलेल्या इम्पोर्टरकडे सगळ्यांची मिळून ऑर्डर द्या. आता आपण खाली पार्किंगमध्ये जाऊ, प्रत्येकाने आपापल्या टायरवरचे ते चार आकडे मला वाचून दाखवा.