मार्चमध्ये हरलेले सामने

[दृश्य : ईस्ट रदरफर्ड, न्यू जर्सी. मेटलाइफ स्टेडियम. रिकाम्या खुर्च्या, हिरवळीवर काम करणारी माणसं.]

मार्च महिना. अमेरिकन फुटबॉलचा मोसम संपून महिना उलटला आहे. पुढचा सुरू व्हायला अजून जवळजवळ सहा महिने आहेत. तरीही एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या 32 संघांचं पुढचं वर्ष ठरतं ते याच दिवसांत. ज्यांचे करार संपत आले आहेत, त्या खेळाडूंच्या एजंटांशी बोलायला संघांना सोमवारी दुपारी बारापासून मुभा मिळते. बुधवारी दुपारी चारला लीगचं नवं वर्ष लागतं आणि सह्या होतात. याला म्हणतात फ्री एजन्सी.

11 मार्च 2024. त्या सोमवारी न्यूयॉर्क जायंट्सच्या पाठीराख्यांना बातमी मिळाली : सेक्वॉन बार्कली, चेंडू हातात घेऊन धावणारा त्यांचा रनिंग बॅक, चालला. तीन वर्षांचा करार, 3 कोटी 77 लाख डॉलरच्या वर, त्यातले 2 कोटी 60 लाख हमीचे. आणि तो चालला होता फिलाडेल्फिया ईगल्सकडे.

हे नाव ऐकून एखाद्या जायंट्सवाल्याच्या पोटात काय कालवतं, ते समजायला नकाशा पाहावा लागेल.

[दृश्य : न्यू जर्सीचा नकाशा. टर्नपाइकवर वरून खाली सरकणारा कॅमेरा.]

जायंट्स नावाला न्यूयॉर्कचे, पण खेळतात न्यू जर्सीत. 2026 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी फिफाने निवडलं ते हेच मैदान. फिलाडेल्फिया इथून दीड-दोन तासांवर. दोन्ही संघ एकाच गटात, त्यामुळे दरवर्षी दोनदा गाठ पडते. राज्याचा उत्तर भाग जायंट्सचा, दक्षिण भाग ईगल्सचा, आणि मधला एडिसन-प्रिन्स्टनचा पट्टा दोघांत विभागलेला. आम्हा मराठी लोकांची वस्ती नेमकी याच मधल्या पट्ट्यात. इथे गणपतीच्या आरतीलासुद्धा एका मुलाच्या अंगात निळा शर्ट असतो आणि दुसऱ्याच्या अंगात हिरवा.

भारतातल्या प्रेक्षकांसाठी एक फरक आधी सांगतो. आयपीएलच्या लिलावात खेळाडूला संघ निवडता येत नाही. बोली लावणारा त्याला घेऊन जातो. एनएफएलमध्ये नवखा खेळाडू ड्राफ्टमधून येतो, म्हणजे संघ आपापल्या क्रमाने नव्या खेळाडूंना निवडतात. तिथे त्यालाही निवड नसते. पण काही वर्षं खेळून करार संपला की तो मोकळा होतो आणि कुठे जायचं ते स्वतः ठरवतो.

हा हक्क त्यांना कुणी सहज दिलेला नाही. अनेक दशकं करार संपलेला खेळाडूसुद्धा व्यवहारात जुन्या संघाशीच बांधलेला राहायचा. 1992 साली मिनियापोलिसच्या न्यायालयात ज्युरीने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला आणि 1993 पासून खरी फ्री एजन्सी सुरू झाली. त्या पहिल्याच वर्षी रेजी व्हाइट हा महान बचावपटू ईगल्स सोडून ग्रीन बेला गेला, चार वर्षांसाठी 1 कोटी 70 लाख डॉलरवर. बदल्यात मालकांना मिळाली सॅलरी कॅप, म्हणजे प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर मर्यादा. 1994 मध्ये ती 3 कोटी 46 लाख डॉलर होती. 2024 मध्ये 25 कोटी 54 लाख.

म्हणून बार्कली गेला याबद्दल माझा त्याच्यावर राग नाही. ज्या खेळात रनिंग बॅकचे गुडघे तिशीच्या आत झिजतात, तिथे माणसाने आपली किंमत मिळेल तिथे जावं. त्याची जर्सी जाळणाऱ्यांची मला लाज वाटते. टिकी बार्बर, जायंट्सच्या इतिहासात सर्वाधिक यार्ड धावलेला माणूस, रेडिओवर बोलून गेला की हा आता आमच्यासाठी मेला. हे बार्बरने बोलायला नको होतं. चेंडू हातात घेऊन अकरा जणांच्या अंगावर धावत जाणं काय असतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

माझा राग आहे तो संघ बांधणाऱ्यांवर. आणि त्याची सुरुवात 2024 मध्ये झालेली नाही.

[दृश्य : 2018 चा ड्राफ्ट. व्यासपीठावर बार्कली.]

2018 च्या ड्राफ्टमध्ये जायंट्सकडे दुसरा क्रमांक होता. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू, ईलाय मॅनिंग 37 वर्षांचा. त्याला वाचवणारी समोरची पाच माणसांची फळी, ऑफेन्सिव्ह लाइन, खिळखिळी. जनरल मॅनेजर डेव्ह गेटलमन यांनी निवडला रनिंग बॅक. सहाव्या क्रमांकावर इंडियानापोलिसने क्वेंटन नेल्सन हा गार्ड, म्हणजे अशाच फळीतला माणूस, घेतला. सातव्या क्रमांकावर बफेलोने घेतला क्वार्टरबॅक जॉश ॲलन.

बार्कलीने पहिल्या वर्षी धावून आणि झेलून मिळून 2,028 यार्ड काढले, सर्वोत्तम नवोदित ठरला. संघ जिंकला पाच सामने. सगळं दुखणं या एका मोसमात दिसत होतं. समोर वाट मोकळी करणारं कुणी नाही, तर कितीही वेगवान माणूस आणा, तो किती सामने जिंकून देणार? सप्टेंबर 2020 मध्ये शिकागोत त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि ते वर्ष संपलं.

मग 2022. नवे जनरल मॅनेजर जो शेन, नवे प्रशिक्षक ब्रायन डेबॉल. बार्कली 1,312 यार्ड धावला. 15 जानेवारी 2023 ला आम्ही मिनेसोटात प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा सामना 31-24 असा जिंकलो. अकरा वर्षांतला पहिला प्लेऑफ विजय. पुढच्याच फेरीत ईगल्सनी 38-7 असं झोपवलं, पण तरी त्या आठवड्यात इथल्या प्रत्येक पेट्रोल पंपावर, प्रत्येक बेगलच्या दुकानात अनोळखी माणसं एकमेकांशी बोलत होती.

आणि मग आला 7 मार्च 2023. सगळं इथे ठरलं, म्हणून इथे जरा थांबतो.

त्या दुपारी चार वाजता फ्रँचाइझ टॅगची मुदत संपत होती. टॅग म्हणजे संघाच्या हातातला एकच हुकमी कागद : करार संपलेल्या एका खेळाडूला तो ठराविक पगारावर आणखी एक वर्ष थांबवून ठेवू शकतो. जायंट्सकडे करार संपलेले दोघे होते. क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स आणि बार्कली. टॅग एकच. मुदतीला काही मिनिटं उरली असताना जोन्सचा करार झाला : चार वर्षं, 16 कोटी डॉलर, त्यातले आठ कोटींहून अधिक सह्यांच्या क्षणी हमीचे. टॅग गेला बार्कलीच्या वाट्याला, सुमारे 1 कोटी 1 लाख डॉलरचा.

जोन्सला त्या एका मोसमावर हे मिळालं. त्याला कमी लेखत नाही. मिनेसोटात तो अप्रतिम खेळला होता, आणि तो सभ्य, कष्टाळू माणूस आहे. पण तो यशस्वी झाला त्यात प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळीला बार्कलीकडे डोळे लावून बसावं लागत होतं याचा मोठा वाटा होता. हे घरात टीव्हीसमोर बसलेल्यांना दिसत होतं. क्वार्टरबॅक महाग आणि रनिंग बॅक स्वस्त, हा बाजारभाव मला मान्य आहे. त्या उन्हाळ्यात टॅग लागलेल्यांत लास व्हेगसचा जॉश जेकब्स होता, डॅलसचा टोनी पोलार्ड होता. देशभरच्या रनिंग बॅकनी ऑनलाइन बैठक घेऊन आपल्या पगारांचं गाऱ्हाणं मांडलं. शेन यांनी एकट्याने ठरवलेली ही किंमत नव्हती. पण बाजारभाव सांगतो की असा खेळाडू साधारण कितीला मिळतो. तुमच्या संघाला त्याची गरज किती, हे तुम्हालाच ओळखावं लागतं. जायंट्सनी भाव वाचला, आपला संघ वाचला नाही.

बरं, बार्कलीवर वाचवायचे तर वाचवा. ते पैसे त्या पाच जणांच्या फळीत गेले असते, तर मी आज हे बोलत नसतो. 2022 च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर घेतलेला टॅकल, म्हणजे फळीच्या टोकाला उभा राहणारा, एव्हन नील उभा राहू शकला नाही. डावीकडचा अँड्रयू थॉमस उत्तम, पण दुखापतींनी बेजार. परिणाम 2023 मध्ये दिसला. चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला खाली पाडणं, म्हणजे सॅक, जायंट्सच्या बाबतीत त्या मोसमात 85 वेळा घडलं. एनएफएलच्या इतिहासात एका मोसमात याहून जास्त सॅक फक्त एकाच संघाने सोसलेत, 1986 च्या ईगल्सनी. 16 कोटींचा जोन्स सहा सामने खेळला. नोव्हेंबरमध्ये लास व्हेगसच्या मैदानावर त्याचा गुडघा गेला.

[दृश्य : 2023. एकामागून एक सॅक. आवाज फक्त प्रेक्षकांचा.]

म्हणजे मार्च 2024 येईपर्यंत क्वार्टरबॅक जायबंदी, फळी तशीच, आणि बार्कली मोकळा. टॅग पुन्हा लावला नाही. कराराचा ठोस प्रस्तावही ठेवला नाही. बाजारात फिरून ये, असं सांगितलं. त्याच आठवड्यात आमचा तरुण सेफ्टी, म्हणजे सगळ्यांत मागचा बचावपटू, झेवियर मॅकिनी ग्रीन बेला गेला, आणि तिथे पहिल्याच मोसमात आठ इंटरसेप्शन घेऊन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने फेकलेले चेंडू हिसकावून, लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत निवडला गेला. बचावपटू ब्रायन बर्न्सला आणलं, ती खरेदी चांगली होती, हे मान्य करायलाच हवं.

त्या उन्हाळ्यात एचबीओच्या कॅमेऱ्यांनी ही सगळी चर्चा आतून दाखवली. मालक जॉन मारा जनरल मॅनेजरला सांगतात की सेक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण आहे. मारा घराण्याकडे हा संघ 1925 पासून आहे. त्यांना कळत होतं. आम्हाला कळत होतं. तरी तो गेला.

[दृश्य : 20 ऑक्टोबर 2024, मेटलाइफ स्टेडियम. हिरव्या जर्सीतला बार्कली.]

ऑक्टोबरमध्ये तो परत आला, पाहुण्यांच्या बाजूने. 17 वेळा चेंडू घेतला, 176 यार्ड धावला. ईगल्स 28, जायंट्स 3. आधी त्याला बू करणारा स्टेडियम तिसऱ्या क्वार्टरपर्यंत अर्धा रिकामा होऊ लागला.

मोसमाअखेर त्याचे 2,005 यार्ड झाले. दोन हजारांचा टप्पा गाठणारा तो नववा. एरिक डिकरसनचा 1984 मधला 2,105 चा विक्रम मोडायला 101 यार्ड हवे होते, आणि शेवटचा सामना होता जायंट्सशीच. ईगल्सनी त्याला प्लेऑफसाठी विश्रांती दिली आणि राखीव खेळाडूंना घेऊनच आम्हाला 20-13 हरवलं. 9 फेब्रुवारी 2025 ला, त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, न्यू ऑर्लिन्समध्ये ईगल्सनी कॅन्सस सिटीला 40-22 ने हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

पण माझी नजर बार्कलीपेक्षा त्याच्या पुढच्या पाच जणांवर खिळते. माइलाटा, लँडन डिकरसन, जर्गन्स, बेक्टन, लेन जॉन्सन. यातला मकाई बेक्टन आमच्याच मैदानावर खेळणाऱ्या जेट्सनी टाकून दिलेला. ईगल्सचे जनरल मॅनेजर हाउई रोझमन यांनी त्याला एका वर्षासाठी घेतलं, टॅकलचा गार्ड केला. बचावपटू झॅक बॉन न्यू ऑर्लिन्समध्ये फारसा कुणाच्या लक्षात नव्हता. त्याला 35 लाख डॉलरवर एका वर्षासाठी आणलं, जागा बदलली, आणि वर्षअखेर तो देशातल्या अव्वल लाइनबॅकरांत गणला गेला. फ्री एजन्सी त्यांच्यासाठीही तीच, कॅप तीच, तारखाही त्याच. फरक एवढाच की त्यांनी फळी आधी बांधली होती, वर्षानुवर्षं, आणि मग तिच्यामागे बार्कली उभा केला. आम्ही सहा वर्षं उलटं केलं.

जायंट्सचा तोच मोसम 3 विजय आणि 14 पराभवांवर संपला. लागोपाठ दहा सामने हरलो. नोव्हेंबरमध्ये जोन्सला बाकावर बसवलं आणि काही दिवसांत मोकळं केलं. डिसेंबरमध्ये पाठीराख्यांनी वर्गणी काढून स्टेडियमवरून विमान उडवलं, मागे फलक : मारासाहेब, हे दुरुस्त करा.

काही लोक या विमानाला पोरखेळ म्हणाले. त्यांनी तिकीट घेणाऱ्याचा हिशोब पाहावा. 2010 मध्ये हे स्टेडियम उघडलं तेव्हा मोसमी तिकीट घेण्याच्या नुसत्या हक्कासाठी जायंट्सनी खुर्चीमागे एक हजार ते वीस हजार डॉलर आकारले. तिकिटाचे पैसे त्यावर वेगळे. पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या कुटुंबांनी ते भरले. त्यांना खेळाडू निवडता येत नाही, व्यवस्थापक बदलता येत नाही. करार संपला की खेळाडू दुसरीकडे जातो, प्रशिक्षकालाही दुसरी नोकरी मिळते. पाठीराख्याला कुठली फ्री एजन्सी? बापाचा संघ सोडून कोणी ईगल्सचा होत नाही.

जानेवारी 2025 मध्ये मारा यांनी शेन आणि डेबॉल दोघांनाही ठेवलं. ड्राफ्टमध्ये अब्दुल कार्टर आला, क्वार्टरबॅक जॅक्सन डार्ट आला, दोघेही गुणी. जोन्स इंडियानापोलिसला गेला, भक्कम फळीमागे उभा राहिला आणि त्याच्या संघाने मोसमाची सुरुवात झोकात केली. आम्ही पहिल्या दहातले आठ सामने हरलो. 10 नोव्हेंबर 2025 ला डेबॉलना काढलं. शेन राहिले, आणि नवा प्रशिक्षक शोधायची जबाबदारीही त्यांच्याकडेच दिली.

7 मार्च 2023 ची सही त्यांची. 11 मार्च 2024 ची माघार त्यांची. डार्ट आज विशीत आहे, त्याचे पाय चांगले आहेत आणि त्याला चेंडू हातात धरून थांबायची सवय आहे. त्याच्यापुढे भरवशाचे पाच जण उभे करा. पुढच्या मार्चमध्ये पहिला फोन त्यासाठी करा, दुसरा नंतर बघू.