जुन्या कन्सोलचं चित्र स्ट्रीमवर आणताना

मंडळी, कॅप्चर कार्ड (गेम कन्सोलचं चित्र संगणकात घेणारं उपकरण) कुठलं घ्यावं, हा प्रश्न जरा मागे ठेवू. आधी कन्सोलमधून नेमकं काय बाहेर पडतं ते पाहू. बहुतेकांचं चित्र बिघडतं ते इथंच.

मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेंडो, पहिलं प्लेस्टेशन यांचे बहुतेक खेळ 240 रेषांचं चित्र देतात, सेकंदाला सुमारे 60 वेळा. अमेरिका-जपानच्या एनटीएससी टीव्हीचा सिग्नल इंटरलेस असतो, म्हणजे एक चित्र दोन अर्ध्या भागांत, फील्डांत, येतं; त्यात न दिसणाऱ्या धरून एका फील्डला 262.5 रेषा असतात. त्या अर्ध्या रेषेमुळे पुढचं फील्ड आधीच्या रेषांच्या मधल्या फटीत बसतं. कन्सोलवाल्यांनी ती अर्धी रेष वगळून 262 ठेवल्या, त्यामुळे प्रत्येक फील्ड त्याच जागी उमटतं. डबा टीव्हीला हे बिनतक्रार चालतं. स्वस्त यूएसबी कार्ड मात्र याला 480आय (480 रेषांचं इंटरलेस चित्र) समजून दोन वेगळ्या क्षणांची चित्रं एकत्र विणतं. मग पळणाऱ्या पात्राच्या कडेला आडवे दाते दिसतात. आणि एक फील्ड टाकून दिलंत, तर मार लागल्यावर लुकलुकणारं पात्र कधी कधी पूर्ण गायबच होतं! खेळणाऱ्याला दिसतं, बघणाऱ्याला नाही. हे मला अजिबात मान्य नाही.

असलं कार्ड असेल तर ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाच्या सोर्सवर राइट क्लिक करून डीइंटरलेसिंगमधला (फील्ड कशी दाखवायची ते ठरवणारा) 'रेट्रो' पर्याय निवडा. तो याच सिग्नलसाठी आहे. पैसे खर्चायची तयारी असेल तर रेट्रोटिंक 2एक्स किंवा ओएसएससी हे जुना सिग्नल एचडीएमआयमध्ये बदलणारं उपकरण मध्ये लावून पुढे एचडीएमआय कार्ड जोडा. ओएसएससीला पिवळी पिन (सगळे रंग एकाच तारेत) चालत नाही, आरजीबी किंवा कंपोनंटच (रंग वेगवेगळ्या तारांत) लागतं. सुपर निन्टेंडोचा वेग 60.1 हर्ट्झच्या आसपास असल्यानं काही कार्डं त्याचा सिग्नल पकडत नाहीत, म्हणून घेण्याआधी जोडून बघा.

भारतात अधिकृत विकलेला प्लेस्टेशन 2 पाल पद्धतीचा, म्हणजे भारतातल्या 50 हर्ट्झच्या टीव्ही पद्धतीचा. त्यासाठी 720 बाय 576 आणि 50 फ्रेम ठेवा. चित्र काळं-पांढरं आलं, तर कार्डाच्या सेटिंगमध्ये पाल-एनटीएससीची अदलाबदल झालेली असते. कंपोनंट वायर लावण्याआधी पिवळ्या पिनेवरच सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन आउटपुट आरजीबीवरून वाय-पीबी-पीआरवर (कंपोनंटवर) आणा, नाहीतर रंग भलतेच येतात. ओबीएसच्या 1920 बाय 1080च्या कॅनव्हासवर चित्र 1440 बाय 1080 ठेवा. पूर्ण रुंदीला ताणलं की पात्रं जाडी दिसतात.

ओबीएसचा प्रिव्ह्यू बघून खेळू नका, बटण दाबल्यावर चित्र उशिरा हलतं. टीव्हीला वेगळी वायर द्या, पण साध्या वाय-जोडणीनं नको: सिग्नल वाटला जाऊन दोन्हीकडे चित्र अंधूक होतं. वीज लागणारा स्प्लिटर घ्या.

कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात पिना काळवंडतात. चित्रात ठिपके आले, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं त्या पुसा. आवाजात घूं घूं आली, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली, तर दोष अर्थिंगच्या लूपचा, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा. मग कन्सोल, टीव्ही, लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. आवाज चित्राच्या आधी येत असेल, तर ओबीएसच्या ॲडव्हान्स्ड ऑडिओमधला सिंक ऑफसेट (आवाज उशिरा सोडणारा आकडा) दहा-दहा मिलिसेकंदांनी वाढवत जा.