यार्देनेतल्या सात बुड्या

जय ख्रिस्त, श्रोतेहो. हाताशी पवित्र शास्त्र असेल तर 2 राजे, अध्याय पाचवा उघडून ठेवा. नसेल तर नुसतं ऐका.

अरामाच्या, म्हणजे आजच्या सीरियाकडच्या, राजाचा सेनापती नामान कोडी होता. बरं व्हायला निघताना त्यानं काय काय बरोबर घेतलं, ते शास्त्रात मोजून दिलंय: दहा किक्कार रुपं म्हणजे चांदी, सहा हजार शेकेल सोनं आणि दहा पोशाख. किक्कार म्हणजे सुमारे 34 किलो, शेकेल साधारण 11 ग्रॅम. म्हणजे रुपंच जवळजवळ साडेतीन क्विंटल आणि सोनं पासष्ट किलोच्या वर! कृपा विकत मिळते, असा त्याचा हिशेब होता.

इस्राएलातला संदेष्टा अलीशा, त्याच्या दारात नामानाचे रथ येऊन थांबले, पण संदेष्टा बाहेरसुद्धा आला नाही. निरोप तेवढा आला: जा, यार्देन नदीत सात वेळा स्नान कर. नामान भडकला. का, ते तोच सांगतो. त्याला वाटलं होतं, हा बाहेर येईल, परमेश्वराचा धावा करील, कोडावरून हात फिरवील. शिवाय त्याच्या देशातल्या दिमिष्काच्या नद्या काय वाईट होत्या? आशीर्वाद कसा यावा याचं चित्र त्यानं घरूनच रंगवून आणलं होतं. आपलंही बहुधा इथंच अडतं. विश्वास पुरेसा नाही म्हणून आपण झुरतो, पण खरं दुखणं वेगळंच असतं: सांगितलेली गोष्ट फार साधी वाटते.

त्याला परत वळवलं ते चाकरांनी. बापा, संदेष्ट्यानं एखादी अवघड गोष्ट सांगितली असती तर तुम्ही ती केली नसती का? एवढ्या एका प्रश्नावर सेनापती नदीत उतरला. पहिल्या सहा बुड्यांनंतर अंगात काय फरक पडला, याबद्दल शास्त्रात एक अक्षर नाही. सातवीनंतर त्याची कातडी लहान मुलासारखी झाली.

साधा विश्वास म्हणजे मनात दाटून आलेली भावना नव्हे. सांगितलेल्या पाण्यात उतरणं, हाच तो विश्वास. तेव्हा आज रात्री प्रार्थनेला बसाल तेव्हा "प्रभू, सगळ्यांचं भलं कर" एवढ्यावर थांबू नका. एकच गरज नाव घेऊन सांगा. वहीत तारीख टाकून ती एका ओळीत लिहा. त्या गरजेसाठी वचनातला एक शब्द धरा. पैशाची चिंता असेल तर मत्तय 6:33 पुरे: आधी देवाचं राज्य शोधा, बाकीचं मिळेल. मग स्वतःला विचारा, प्रभूनं मला आधीच सांगितलेली आणि मी टाळत आलेली साधी गोष्ट कोणती? भावाशी बोलणं टाकलं असेल, तर उद्या सकाळी त्याला फोन करा. औषध चालू असेल तर गोळ्या मुळीच बंद करू नका. गोळी घेतल्यानं विश्वास उणा होत नाही. आणि मन डळमळलं, तर मार्क 9:24 मधल्या, आजारी मुलाला घेऊन आलेल्या बापासारखं म्हणा, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." त्याचा मुलगा बरा झाला, हे विसरू नका.

उत्तर नेहमी आपल्या मनासारखंच येतं, असं कुणी सांगत असेल तर त्याला प्रेषित पौलाची आठवण द्या. अंगातला काटा निघावा म्हणून त्यानं तीनदा विनंती केली. काटा राहिला आणि शब्द मिळाला: "माझी कृपा तुला पुरे आहे." तोही आशीर्वादच होता, आणि पौलानं तो तसाच घेतला.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र देवाणघेवाणीचा. हे झालं तर इतकं देईन, असा नवस आपल्या अंगवळणी पडलाय. कुणी "आधी पैसे पेरा, मग शंभरपट घ्या" म्हणू लागलं, की आपल्याला ते पटतंही. पण अलीशानं नामानाचा छदामही घेतला नाही. नामानानं आग्रह केला, तरीही नाही. अलीशाचा चाकर गेहजी मात्र नामानाच्या मागून धावला. धन्याचं नाव सांगून दोन किक्कार रुपं आणि दोन पोशाख त्यानं उकळले, घरी लपवले, आणि नामानाचं कोड त्याच्या अंगाला लागलं. दान अवश्य द्या, पण ते आनंदानं दिलेलं असू द्या. बयाणा म्हणून नको.

नामानानं निघताना एक गोष्ट मागितली, तीही फुकटची: दोन खेचरांवर मावेल इतकी इस्राएलाची माती. यापुढं परमेश्वराखेरीज दुसऱ्या कोणत्याही देवाला अर्पण करणार नाही, असं तो म्हणाला, आणि ती माती घेऊन अरामाच्या वाटेला लागला.