टायपिंग कोणी केलं?

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय ‘राज्यशास्त्रातील माहिती तंत्रज्ञान आणि विद्यापीठीय मान्यता’ असा छापलाय. एवढं वाचूनही आपण आलात, म्हणजे निम्मे राज्यशास्त्राचे आणि बाकीचे माझे नातेवाईक असणार.

फॉर्म वीस आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. कोणत्या मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली, त्याचा तक्ता. निवडणूक अधिकाऱ्याच्या सहीचा कागद स्कॅन करून संकेतस्थळावर टाकतात. कधी तिरका, कधी उलटा, आणि शिक्का नेमका बेरजेवर! २००९च्या विधानसभेचे बुलढाणा जिल्ह्यातल्या सातही मतदारसंघांचे तक्ते मी संगणकावर उतरवायला घेतले. केंद्रं दोन हजारांच्या आसपास. पत्त्याच्या रकान्यात ‘जि. प. प्राथ. मराठी शाळा, खोली क्र. २’. हीच शाळा पुढच्या यादीत ‘जिल्हा परिषद शाळा उत्तर बाजू’, आणि त्यापुढच्या यादीत चक्क गायब, कारण खोली पडली म्हणून केंद्र समाजमंदिरात गेलं. हे कळायला मला त्या गावच्या पोलीसपाटलांना फोन करावा लागला. ते म्हणाले, ‘सर, तुम्ही कोणत्या पक्षाचे?’

मागच्या निवडणुकांशी जोड लावायची तर त्याहून पंचाईत. २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेत आमचा जळंब मतदारसंघच गेला. त्याची गावं कुठे कुठे विखुरली, ते नकाशा पसरून एकेक शोधलं. काही याद्या जुन्या मराठी फाँटात होत्या. कॉपी करून पेस्ट केलं की गावाच्या नावाऐवजी कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हं. एका विद्यार्थ्याला मदतीला घेतलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याने विचारलं, ‘सर, हे एमपीएससीला येतं का?’ प्रामाणिक मुलगा. आज तो नायब तहसीलदार आहे आणि फॉर्म वीसवर शिक्के मारतो. निदान बेरीज सोडून मार रे बाबा, एवढं मी त्याला सांगून ठेवलंय.

चार वर्षं गेली. मग माझी स्थाननिश्चितीची, म्हणजे बढतीची, मुलाखत आली. विषयतज्ज्ञांनी फाइल उलटली, माझ्या तक्त्यांची सीडी दोन बोटांत धरली आणि विचारलं, ‘हे टायपिंग कोणी केलं?’ मी अभिमानानं सांगितलं, ‘मीच.’ चुकलंच माझं. ‘मग यात संशोधन काय?’ शेजारचे सदस्य म्हणाले, ‘मेहनत आहे हो.’ आपल्याकडे मेहनत म्हटलं की समजावं, गुण शून्य. त्याच बैठकीत समाजमाध्यमं आणि लोकशाही या विषयावरच्या एका सात पानी लेखाला पूर्ण गुण मिळाले. लेख मी वाचलाय. सातांतली दोन पानं संदर्भसूची आहे.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ अध्यक्षांचं अक्षर सुंदर आहे.

तर मुद्दा. यंत्राबद्दल लिहिलं की ते राज्यशास्त्र, आणि यंत्र हाताशी घेऊन काही उभं केलं की ती कारकुनी, अशी आपली वाटणी आहे. अमेरिकेतही पुस्तकांचाच मान मोठा. त्यांच्या राज्यशास्त्र संघटनेत माहिती तंत्रज्ञान आणि राजकारण असा स्वतंत्र विभाग आहे, तो पुस्तकांना, लेखांना पुरस्कार देतो. पण त्याच संघटनेच्या तौलनिक राजकारण विभागाचा एक पुरस्कार निव्वळ डेटासेटसाठी, म्हणजे आकडेवारीच्या संचासाठी आहे, लाइपहार्ट, शेवोर्स्की आणि व्हर्बा या तीन राज्यशास्त्रज्ञांच्या नावाचा. आपण ज्या लाइपहार्टवर दहा गुणांचा प्रश्न काढतो, तेच हे. राजकीय संशोधनपद्धतीच्या तिथल्या सोसायटीचा सांख्यिकी सॉफ्टवेअरलाही पुरस्कार आहे. मुळात मिशिगन विद्यापीठात १९६२ साली, पंचकार्डांच्या जमान्यात, अनेक विद्यापीठांनी मिळून डेटाचं सामाईक कोठार काढलं. १९९५ मध्ये राज्यशास्त्रज्ञ गॅरी किंग यांनी आग्रह धरला की लेखामागची आकडेवारी इतरांना पडताळता आली पाहिजे. पुढे हार्वर्डच्या डेटाव्हर्स या ऑनलाइन कोठारात आकडेवारीलाही लेखासारखा रीतसर संदर्भ मिळू लागला. संदर्भ आला की श्रेय आलं.

आपल्याकडे १९६३ साली राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी सीएसडीएस ही संशोधन संस्था काढली, निवडणूक अभ्यासाची मोठी परंपरा तिथे उभी राहिली. पण कॉलेजातल्या मास्तरला मोजतो यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, गुणांचा तक्ता. २०१८च्या नियमांत सामाजिक शास्त्रातल्या एका शोधनिबंधाला १० गुण, ‘मूक’ म्हणजे सर्वांना खुला असा पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केला तर २०. आकडेवारीच्या संचाला स्वतंत्र ओळच नाही. माझी मागणी त्या एका ओळीची आहे. गुण किती, ते तज्ज्ञांनी ठरवावं. फक्त तपासताना निदान एक केंद्र मूळ कागदाशी ताडून पाहावं.

घंटा वाजली. पेनड्राइव्ह इथे टेबलावर ठेवतो, ज्यांना हवी त्यांनी फाइल उतरवून घ्या. चूक सापडली तर केंद्र क्रमांकासकट कळवा. मेहकरच्या तक्त्यात एका बेरजेत तीन मतं अजून जास्त येतायत.