शाळा बदलली म्हणता? मग कशी बदलली ते लिहा!

नमस्कार मंडळी, नाशिकहून बोलतोय.

"दुर्गम पाड्यावरील शाळेचा कायापालट." "गुरुजींच्या जिद्दीने फुलले ज्ञानमंदिर." असल्या मथळ्याची बातमी तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत कधी वाचली होती? खरं सांगा. बातमी खोटी नसते. शिक्षकाने खरंच रक्त आटवलेलं असतं, भिंती खरंच रंगलेल्या असतात. तरी तिसऱ्या ओळीला आपला अंगठा वर सरकतो. आधी वाईट होतं, गुरुजी आले, आता छान आहे. अरे, पण मधलं कुठं गेलं?

आज त्या मधल्याबद्दलच बोलायचंय. शिक्षक असाल, संस्थेत काम करत असाल, गावच्या शाळेवर लिहायचं मनात असेल, तर शेवटपर्यंत थांबा.

(स्क्रीनवर: नाशिक जिल्ह्याचा नकाशा, त्र्यंबकेश्वर तालुका ठळक)

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीची जिल्हा परिषद शाळा आठवतेय ना? एकाच वेळी दोन्ही हातांनी लिहिणारी मुलं, वर्षाचे ३६५ दिवस चालणारी शाळा. आपल्या फोनवर आले ते बहुतेक त्या दोन हातांचे व्हिडिओ. बघायला भारीच आहे, वाद नाही. पण मला विचाराल तर खरी गोष्ट त्या ३६५ मध्ये दडलीय. दिवाळीच्या दिवशी शाळा उघडी म्हणजे घरून पोरं सोडली कुणी? आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत धाकट्याला सांभाळायचं सोडून थोरली शाळेत गेली, तेव्हा आई काय म्हणाली? चमत्कार दाखवला की लोक टाळ्या वाजवतात आणि पुढं जातात. तो कसा जमला ते सांगितलं, तर शेजारच्या तालुक्यातला एखादा शिक्षक वही काढतो.

आता आपल्याच जिल्ह्यातला एक विषय घेऊ. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक या पट्ट्यात भात निघाला, नागली निघाली की हाताला काम राहत नाही. आणि नेमकं त्याच वेळी खाली दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांत माणसं हवी असतात. फळासाठीची गोडी छाटणी उरकलेली असते, मग घडांची विरळणी, मग जानेवारीपासून काढणी. घर निघतं, आणि घराबरोबर पोरंही निघतात. अशा शाळेचं डिसेंबरचं हजेरीपत्रक उघडून बघा. एकाच आडनावाची तीन भावंडं, तीन वेगवेगळ्या इयत्तांत, एकाच तारखेपासून गैरहजर. पुढचे रकाने ओळीने तसेच, थेट शिमग्यापर्यंत. या कागदावर अख्खी गोष्ट असते, फक्त ती कुणी मागत नाही. आपण शाळेत गेलो की आपल्याला स्वागतगीत ऐकवतात आणि सत्काराचा नारळ हातात देतात!

समजा, एका शाळेत ही गळती थांबली. नेहमीचा लेखक लिहील, "शिक्षकांनी पालकांचे प्रबोधन करून स्थलांतर रोखले." मंडळी, प्रबोधनाने स्थलांतर थांबत नसतं. धान्याची कणगी रिकामी झाली की माणूस निघतोच. मग पोरं मागं राहिली ती कुणाकडे? आईबाप कामाला गेले तरी मुलं गावात राहावीत म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती या गावाला मिळाली का? पैसे वेळेवर आले का? नसतील आले, तर किराणा दुकानदाराने किती दिवस उधारी दिली? रात्री पोरांजवळ कोण झोपलं? पहिल्या आठवड्यात रडून रडून बापाच्या मागे कोण गेलं? या प्रश्नांची उत्तरं आणा, गोष्ट आपोआप उभी राहते.

एक नमुना वाचतो. हा मी बनवलेला आहे, फक्त दाखवण्यासाठी. तुमच्या लेखात असलं बनवायचं नाही, एक आकडासुद्धा नाही.

(स्क्रीनवर परिच्छेद)

"डिसेंबरात चौथीच्या वर्गात चार मुलं उरायची. यंदा अकरा आहेत. जास्तीची सात जण रात्री एका आजीच्या ओट्यावर जेवतात. या आजीने शिक्षकांना आधी सरळ नकार दिला होता. 'माझ्या दोन नातवांना पुरत नाही, तुमची कुठून पोसू?' शिक्षक परत गेले ते तांदूळ घेऊन नाही, तर सातही आयांना घेऊन."

बघा, यात 'जिद्द' नाही, 'तळमळ' नाही, कौतुकाचं एकही विशेषण नाही. एक नकार आहे आणि त्यानंतर केलेली एक गोष्ट आहे. सोलापूरच्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. बक्षीस १० लाख डॉलरचं, हे आज किती जणांना आठवतं? पण त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून द्यायचं जाहीर केलं, हे मात्र सगळ्यांना आठवतं. माणसाने काय ठरवलं, ते लक्षात राहतं.

पुराव्याचं थोडक्यात सांगतो. 'मुलांची प्रगती झाली' असं लिहू नका. ग्रामीण मुलांना वाचता येतं का, गणित येतं का, हे तपासणाऱ्या 'असर'च्या सर्वेक्षणात वाचनाच्या साध्या पायऱ्या असतात: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. जूनमध्ये शब्दावर अडलेली मुलगी फेब्रुवारीत गोष्ट वाचते, एवढं लिहिलंत तरी वाचकाला कळतं. आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून मुलाखती उरकू नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला. त्यातल्या एखाद्या ताईंच्या घरी जा. सभेला गेला होतात का, विचारा. कधी कधी सही घरपोच घेतलेली असते, तेही कळेल! मुलांना 'शाळा आवडते का' विचारलंत तर 'हो' एवढंच येणार. 'काल मधल्या सुट्टीत काय केलंस?' विचारा, मग ऐकत बसा.

इथं जरा गंभीर होतो. बालविवाह थांबवून मुलगी शाळेत परत आणली, ही गोष्ट लिहायचा मोह फार होतो. पण अशा प्रकरणात चौकशी सुरू झाली असेल, तर बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ वाचल्याशिवाय एक ओळ छापू नका. मुलीचं नाव, पत्ता, शाळा, तिची ओळख पटेल असं काहीही देता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी तिला त्याच गावात राहायचंय. फाटक्या चपलेतल्या मुलाचा फोटोही तसाच. तो मुलगा उद्या कॉलेजात जाईल आणि कुणीतरी तो फोटो शोधून काढेल.

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि बहुतेक लेखक तो टाळतातच. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली होते. मग मागे काय उरतं? एका माणसाच्या जोरावर चाललेली शाळा आणि गावाने ताब्यात घेतलेली शाळा, यातला फरक तेव्हाच कळतो. त्यामुळे मुलाखतीतच विचारून ठेवा, "सर, उद्या तुम्ही नसलात तर संध्याकाळचा वर्ग कोण घेईल?" उत्तरात नाव आलं तर त्या माणसाला भेटा. कुणाचंच नाव आलं नाही, तर तसं लिहा. शिक्षकांना वाईट वाटेल, पण बहुतेकांना ती काळजी आधीपासून असतेच. आणि नव्या जूनला शाळा उघडली की त्याच गावात एक फोन लावा. संध्याकाळचा वर्ग बंद पडला असेल, तर जुन्या लेखाखाली तारीख टाकून तेही जोडा.