शंभरातले दोन-चार

(दृश्य: पहाट. खडकाळ, उघडा उतार. ट्रायपॉडवर लावलेली दुर्बीण आणि तिच्यामागे गुडघे पोटाशी घेऊन बसलेला माणूस. फक्त वारा.)

सप्टेंबर नुकताच लागलाय, तरी डबक्यावर रात्रीतून बर्फाची साय धरली आहे. ही अमेरिकेच्या मोंटाना राज्यातली बेअरटूथ डोंगररांग. याच रांगेतलं ग्रॅनाइट पीक १२ हजार ८०७ फुटांचं, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या या माणसाला एक एडका हवा आहे. रानमेंढ्यांतला पोक्त नर, ज्याची शिंगं मागून वळून पुन्हा गालाशी येतात. इंग्रजीत त्याला बिगहॉर्न म्हणतात.

त्याच्या खिशात परवाना आहे. हा परवाना मिळायला कसलीही सोडत नव्हती. मुदतीत पैसे भरले आणि तो हातात आला. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासचे मोंटानातले मोजके भाग असे आहेत, जिथे बिगहॉर्नचे परवाने कितीही जणांना देतात. रानमेंढ्यांच्या शिकारीसाठी अशी सोय अलास्का सोडली तर अमेरिकेत दुसरीकडे नाही. शिकारी या भागांना नुसतं ‘अनलिमिटेड’ म्हणतात.

परवान्यांना मर्यादा नसली, तरी मेंढ्यांना आहे. प्रत्येक भागात किती एडके मारता येतील, तो आकडा एका हाताच्या बोटांवर मावतो. कोटा भरला की ४८ तासांची सूचना देऊन हंगाम बंद. तुम्ही तीन दिवस चालून वर पोहोचलेले असा नाहीतर नसा. यशाचं प्रमाण विचाराल, तर शंभरातले दोन-चार.

(दृश्य: बदल. लाल, कोरडी वाळवंटी टेकडी. नेवाडा.)

आता हे बघा. नेवाडा राज्याच्या वाळवंटातही बिगहॉर्न आहेत आणि तिथे परवाना मिळालेल्या शंभर शिकाऱ्यांतले नव्वदच्या आसपास एडका घेऊनच परततात. प्राणी तोच, बंदूकही तशीच. मग नेवाडाचे शिकारी जास्त हुशार का?

शाळेत अंश आणि छेद शिकलो होतो, ते इथे कामाला येतं. नेवाडात परवाना सोडतीत निघतो, आणि सोडतीत नाव लागण्याची शक्यता बहुतेकांसाठी फारच कमी. ज्यांनी म्हाडाच्या घरासाठी वर्षानुवर्षं अर्ज भरलेत, त्यांना ही भावना समजावून सांगायला नको. नंबर लागला नाही की पुढच्या वर्षासाठी एक गुण जमा होतो. मोंटाना आणि नेवाडात या गुणांचा वर्ग करतात. दहा गुणांचे शंभर, वीस गुणांचे चारशे. तरीही वीस-पंचवीस वर्षं अर्ज भरून हात हलवत राहिलेली माणसं कमी नाहीत. ऐन तिशीत पहिला अर्ज केलेल्या माणसाला साठीत परवाना लागला, तर डोंगर चढायला गुडघे कुठून आणायचे?

म्हणजे नव्वद टक्क्यांच्या छेदात नशीबवान तेवढे मोजलेले असतात. बाकीचे डोंगराच्या पायथ्यापर्यंतही पोहोचत नाहीत, म्हणून ते हिशेबातच नसतात. अनलिमिटेडमध्ये मात्र सगळे छेदात येतात: पंधरा दिवस तंबूत राहिलेला, दुसऱ्या दिवशी पाय मुरगळून परतलेला आणि परवाना घेऊन घरीच बसलेला.

(दृश्य: बेअरटूथ. दुपार. उतारावर राखाडी-तपकिरी ठिपके. खडक, की आणखी काही?)

पण सोडत सोडून नुसत्या डोंगराचाच हिशेब करू.

मेंढ्याचं मुख्य शस्त्र म्हणजे नजर. तो बसतो तोच अशा कपारीत, जिथून खालचा सगळा उतार दिसेल आणि पाठीला कडा असेल. धोका खालून येतो, हे त्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. म्हणून शिकाऱ्याला त्याच्या वर जावं लागतं. दिवसा ऊन तापलं की हवा उताराने वर चढते. वर बसलेल्या माणसाचा वास मग वरच निघून जातो. संध्याकाळी तीच हवा उलटते, खाली वाहू लागते आणि दिवसभराची मेहनत एका झुळकीसरशी फुकट जाते.

त्यातून कळप दिसला तरी त्यात माद्या आणि कोकरं असतात. मोठे एडके उन्हाळ्यात वेगळे, आपापल्या टोळीने फिरतात. एक दिसला, तरी तो कायद्यात बसतो का? शिंगाच्या बुडापासून डोळ्याच्या पुढच्या कडेवरून एक रेषा मनातल्या मनात ओढायची. ती पुढे शिंगाला मिळाली तर चालेल. अर्ध्या किलोमीटरवरून, थरथरत्या हवेतून, तो मान वळवेपर्यंत थांबून हे ठरवायचं. अलास्कात तर तिथल्या डाल जातीच्या रानमेंढ्याचं शिंग पूर्ण वेढा घेतलेलं हवं, किंवा दोन्ही टोकं तुटलेली हवीत, किंवा शिंगावरच्या वर्षाच्या वळ्या मोजून तो निदान आठ वर्षांचा भरायला हवा. मोजण्यात चूक झाली तर शिंगं जप्त आणि दंड वेगळा. परराज्यातून आलेल्याला तिथे परवानाधारक वाटाड्या किंवा अलास्कातला जवळचा नातेवाईक बरोबर न्यावाच लागतो. यशाच्या आकड्यांत हे पाहुणे स्थानिकांच्या बरेच पुढे असतात. यात मला तरी नवल वाटत नाही. रस्ता माहीत असलेल्या माणसाचं बोट धरून कोणीही पुढेच जाईल.

इकडे बेअरटूथमध्ये आणखी दोन गोष्टी आहेत. एक, ग्रिझली अस्वलं. गोळीच्या आवाजानंतर मांस मिळतं, हे ती शिकली आहेत असं इथले शिकारी सांगतात. दुसरी, यलोस्टोनची हद्द. एडका ती रेषा ओलांडून गेला की विषय संपला, कारण उद्यानात शिकार नाही.

(दृश्य: वाफाळणारे गरम झरे. शिंगाच्या धनुष्याचं जुनं चित्र.)

इथे एक आडवळण घ्यायलाच हवं. याच डोंगरांत शोशोनी लोकांची एक शाखा राहायची. त्यांचं नावच तुकुदिका, मेंढी खाणारे. कुत्र्यांच्या मदतीने ते मेंढ्यांना उंच कड्यावर कोंडीत पकडायचे. शिंगं गरम झऱ्यांच्या पाण्यात मऊ करून त्यांची धनुष्यं बनवायचे आणि त्या धनुष्यांना दूरदूरच्या टोळ्यांत मोठा मान होता. त्यांच्या यशाची टक्केवारी कोणी नोंदली नाही. पण हिवाळा निघाला की नाही, हा हिशेब त्यांच्यापाशी होता.

(दृश्य: पाळीव मेंढ्यांचा कळप, हिरवं कुरण.)

परवाने इतके कमी का, याचं मोठं उत्तर या फ्रेममध्ये आहे. पाळीव मेंढ्यांच्या नाकाघशात मायकोप्लाझ्मा जातीचा एक जीवाणू असतो. त्यांना त्याचा फारसा त्रास नाही. रानमेंढ्यांना मात्र न्यूमोनिया होतो आणि कळपच्या कळप झोपतात. वाचलेल्या माद्या जीवाणू बाळगत राहतात आणि पुढे कित्येक वर्षं त्यांची पिल्लं जगत नाहीत. २००९-१०च्या हिवाळ्यात मोंटानातल्या अनेक कळपांवर हीच वेळ आली. कळप खचला की तिथले परवानेही आटतात.

त्याच परवान्यांचा लिलावही होतो. राज्यं दरवर्षी एखाद-दुसरा परवाना सोडतीबाहेर काढतात. २०१३ साली मोंटानाचा परवाना ४ लाख ८० हजार डॉलरला गेला, २०२५ साली न्यू मेक्सिकोचा १३ लाख डॉलरला. बहुतेक पैसा रानमेंढ्यांच्या संवर्धनाला जातो: आजाराचा अभ्यास, कळप हलवणं, पाळीव मेंढ्यांची कुरणं दूर नेणं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पचायला जड जातं, मलाही गेलं. पण तो पैसा काढून घेतला तर त्या कळपांसाठी दुसरं कोण पुढे येतं, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

(दृश्य: फ्लॅटहेड तलाव, मोंटाना. पाण्यात एक गवताळ बेट.)

शेवटी एक एडका. हे वाइल्ड हॉर्स बेट, राज्याचं उद्यान. २०१६ पर्यंत तरी इथे शिकार होत नव्हती. त्या साली या बेटावर नऊ वर्षांच्या एका एडक्याचा सांगाडा मिळाला. तो आपल्या मरणाने मेला होता. शिंगांचं मोजमाप झालं तेव्हा गुण भरले २१६ पूर्णांक ३ अष्टमांश, रॉकी माउंटन बिगहॉर्नचा जागतिक विक्रम. विक्रमांच्या यादीत शिकाऱ्याच्या जागी कोणाचंही नाव नाही. तिथे एवढंच आहे: सापडलेला.