पाणी कोणाच्या रानात सोडायचं?

मंडळी, २०२१च्या पुरात कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४३. शाहूपुरीत घरांत पाणी, शिरोलीजवळ महामार्ग बंद. तेव्हापासून शहरातली शहाणी माणसं मला हळूच विचारतात, वरच्या बाजूला शेतातच पाणी सोडलं तर? ऊस काय, पुन्हा लावता येतो.

असं केलेलं आहे. मे २०११मध्ये अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांनी मिसिसिपीवरचा बर्ड्स पॉइंटचा बांध सुरुंग लावून उडवला. जेमतेम २,८०० वस्तीचं केरो गाव वाचावं म्हणून सुमारे १,३०,००० एकर जमीन पाण्याखाली घातली. मिसूरी राज्य कोर्टात गेलं, हरलं. कारण तिथे पाणी सोडायचा हक्क सरकारने कित्येक दशकं आधी जमीनमालकांना पैसे मोजून घेतला होता. त्याच नदीवर १९२७ला न्यू ऑर्लीन्ससाठी बांध उडवला, तेव्हा शहरातल्या बड्या मंडळींनी भरपाईचा शब्द दिला आणि बुडालेल्यांच्या हाती फारसं काही पडलं नाही. सुरुंग दोन्हीकडे तोच. पैसे आधी की नंतर, एवढाच फरक.

आता आपल्याकडे या. उडवायला पंचगंगेला असा बांध आहे कुठे? प्रयाग चिखली, आंबेवाडीची रानं शहराच्या आधीच पाण्यात जातात. शहराच्या गळ्याशी येईतो तो सगळा पट्टा भरलेला असतो. भरल्या घागरीत आणखी काय ओतणार? पुराचा माथा कापायचा तर तोवर रान कोरडं हवं. म्हणजे बांध घालून ते राखायचं आणि ऐन वेळी दार उघडायचं. बर्ड्स पॉइंटलाही हिशेब हाच: लहान पुरात शेती राखायची, मोठ्या पुरात बुडवायची. अर्थात बांधाने अडलेलं लहान पुराचं पाणी शहराकडेच सरकलं, तर सगळं मुसळ केरात. ते आधी मोजावं लागेल.

आपण मात्र काहीच न ठरवता बुडवतो. वरच्या राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित, पाण्याच्या दाबाने उघडतात. कुणाची सही लागत नाही. महामार्गाचा भराव, निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीच्या पुराच्या हद्दीत, ओतलेली माती, यांनी पाणी कुणाच्या बांधावर ढकललं हे विचारायची सोय नाही. मागाहून पंचनामा, मागाहून अनुदान. आणि ऊस? शेंडा पाण्यावर राहिला तर तगतो, पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या सुरळीत, गाळ बसला की कुजतो. जुलैत केलेली आडसाली लागण तर बघायलाच नको.

म्हणून मी मुद्दाम बुडवण्याच्या बाजूचा आहे, पण करार आधी. एकरी रक्कम किती, किती फुटांवर दार उघडणार आणि ते उघडायचा हुकूम कोण देणार, तिन्ही कागदावर. पैसे शहराच्या घरफाळ्यातून. इथवर आलं की शहाणी माणसं विषय बदलतात.

कागदातही एक गोम आहे. सातबाऱ्यावर नाव मालकाचं, रान वाट्याने करतो दुसराच. हक्काची रक्कम मालक एकदा घेऊन मोकळा होईल आणि पुराच्या साली पीक जाईल वाटेकऱ्याचं. त्याला त्या त्या साली वेगळे पैसे मिळतील असं कलम हवं, आणि करार ठरवायच्या बैठकीला पहिल्या दिवसापासून तो हवा.